फोटो एकट्याचा हवा

लग्नाचा बायोडाटा करायचा तर वर चित्र लागतं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आहे. हिंदूंच्या घरी गणपती, आमच्याकडे बुद्ध. त्याखाली ठळक अक्षरात 'परिचयपत्र', मग नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, आणि उजव्या कोपऱ्यात फोटो. मुलीच्या लग्नाच्या वेळी तिचा बायोडाटा मीच वर्डमध्ये केला होता. तो इतका झकास झाला की कचेरीतल्या अर्ध्या लोकांनी आपापल्या पोरापोरींचे माझ्याकडून करून घेतले. तेव्हा मला कुणी म्हणालं असतं की एक दिवस तू स्वतःचा करायला बसशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, जावई चांगला, नातू शाळेत जाणारा. मी नाशिकला, आमच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. पेन्शन वेळेवर, गुडघे ठीक, तक्रारीला जागा नाही. तरी मी सगळ्यांवर खेकसायचो. दूधवाल्यावर, लिफ्टवर, मेथीची अर्धी जुडी देत नाही म्हणून भाजीवालीवर. खरं सांगू का, मला कुणाशी तरी बोलायचं असायचं, आणि अनोळखी माणसाशी बोलायचा भांडणाइतका सोपा रस्ता मला दुसरा सापडला नव्हता. दुपारी बँकेत गेलो की खिडकीमागची मुलगी काहीतरी विचारायची, उत्तर द्यायला तोंड उघडलं की घसा खरखरायचा, आणि मग लक्षात यायचं, अरे, आज आपण अजून एक शब्दसुद्धा बोललेलो नाही.

लग्नाचा विषय मुलीने काढला. पहिल्यांदा काढला तेव्हा मी फोनवरच तिच्यावर तोंड टाकलं. आईला विसरलीस का म्हणालो, लोक शेण घालतील तोंडात म्हणालो. ती रडली आणि फोन ठेवला. पुढे बरेच दिवस तिने विषय काढला नाही. मग थंडीतापाने मी दोन दिवस अंथरुणाला खिळलो. दुसऱ्या दिवशी पेपरवाला कालचा पेपर दारातच पडलाय म्हणून बेल वाजवून गेला, तेवढीच काय ती माझी विचारपूस. बरं वाटल्यावर मी मुलीला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणालो, तू ते मागे म्हणत होतीस ना, त्याचं बघ. ती नुसतं 'बरं पप्पा' म्हणाली. तिच्या आवाजात विजयाचा मागमूस नव्हता, म्हणून मला जास्तच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने एका मंडळाची माहिती पाठवली. आमच्या समाजातल्या विधवा, विधुर, घटस्फोटित, वय झालेल्या माणसांचा परिचय मेळावा हे मंडळ भरवतं. यंदाचा गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये होता. सोबत तिने नेटवरून उतरवलेला बायोडाट्याचा एक नमुना होता आणि खाली तिची सूचना होती, 'फोटो एकट्याचा हवा.'

आता वर्डचं म्हणाल तर त्यात मी काही कच्चा नाही. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याला हात लावायला घाबरत होते, मी खुर्ची ओढून बसलो तो उठलोच नाही. सुरगाण्याला बदली झाली तेव्हा तिथल्या नोटिसा मी अशा चौकटी घालून काढायचो की लोक वाचायचे नसले तरी बघायचे. पण मजकूर वेगळा आणि चित्र वेगळं. मजकूर सांगेल तसा ओळीत उभा राहतो. चित्र म्हणजे लग्नात रुसलेला मामा. इथे बस म्हटलं की तिथे बसणार, आणि उठलं की चार लोकांना घेऊन उठणार.

मुलीने पाठवलेल्या नमुन्यात वर गणपती होता. मी त्यावर क्लिक केलं, तो हलेना. पान निवडून डिलीट दाबलं, सगळा मजकूर गेला आणि गणपती एकटा राहिला. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की तो हेडरमध्ये आहे. तिथे जाऊन त्याला आदराने बाहेर काढलं, त्याच्या जागी पिंपळपानात बसलेला बुद्ध आणला. बुद्ध आला आणि 'अपेक्षा' हा रकाना घसरून दुसऱ्या पानावर गेला. मी चित्र लहान केलं तर ते चेपलं गेलं. बाजूने मजकूर वाहील असं केलं तर माझी उंची बुद्धाच्या डावीकडे आणि शिक्षण उजवीकडे गेलं. च्यायला, दुपारचे बारा ते चार मी तेवढंच करत होतो.

त्या चार तासांत मला सगळ्यात जास्त आठवली ती बायको. लोकांचे बायोडाटे, पत्रिका, कुणी गेलं की पुण्यानुमोदनाची निमंत्रणं मी घरी करायचो तेव्हा ती मागे वेताच्या मोढ्यावर बसायची. तिला माऊस धरता येत नव्हता, पण नजर पक्की. 'जरा डावीकडे घ्या. एवढं नाही हो. हां, आता बसलं.' मला आपलं वाटायचं की चित्र मी बसवतो. आता समोर बुद्ध होता, आणि तो डावीकडे कललाय की माझा चष्मा, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. मी मागे वळून मोढ्याकडे बघितलं आणि मग माझा मलाच राग आला.

'अपेक्षा' या रकान्यात मी आधी 'बोलकी असावी' असं लिहिलं. ते फार उघडं वाटलं, खोडलं. 'काही नाही' लिहिलं, ते खोटं वाटलं. शेवटी सगळे लिहितात तसं 'समजूतदार' लिहून मोकळा झालो.

मग फोटो. सगळे अल्बम, सगळा मोबाईल पालथा घातला, पण एकट्याचा फोटो म्हणून काही नाहीच. संसारी माणसाचा एकट्याचा फोटो कोण काढतो? होते ते ओळखपत्राचे, आणि त्यात मी नुकताच निलंबित झाल्यासारखा दिसत होतो. बरा असा एकच होता, मेहुण्याच्या मुलाच्या रिसेप्शनमधला. मी कोटात, ती जांभळ्या साडीत. तिने माझी बाही धरलेली, कारण मी जेवायला पळत होतो आणि फोटोवाला थांबा म्हणत होता. दोघंही हसतोय. तिच्या आजाराचं त्यानंतर महिन्याभरात कळलं.

तोच फोटो मी बायोडाट्यात टाकला आणि क्रॉप दाबलं. चारी बाजूंना काळ्या कडा आल्या. उजवीकडची कड माऊसने धरली आणि आत ओढायला लागलो. कापला जाणारा भाग वर्ड लगेच पुसत नाही, आधी करडा करून दाखवतं. पहिल्यांदा तिचा पदर करडा झाला, मग खांदा. चेहऱ्यापाशी माझा हात थांबला. मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो आणि कड पुढे ओढली. ती सगळी गेली, पण बाहीवरची बोटं राहिली, हिरव्या बांगड्यांसकट. ती घालवायची तर माझा दंड कापावा लागत होता. कापला. अर्धा खांदा आणि चेहरा, एवढाच मी उरलो. 'माफ कर गं,' असं मी मोठ्याने म्हणालो, आणि फाइल मंडळाच्या संयोजकांना पाठवून दिली.

फाइल वर्डमध्येच पाठवा, असं त्यांनी बजावलं होतं. सगळ्यांचे बायोडाटे एकत्र करून ते एक पुस्तिका छापणार होते.

मेळाव्याच्या दिवशी मी तोच कोट घातला. हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, पोहे झाले, चहा झाला. पन्नाशी-साठीची माणसं ओळीने खुर्च्यांवर बसलेली, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आणि सगळे असे गंभीर, जणू रक्त तपासायला आलेत. पुस्तिका वाटल्या. मी माझं पान काढलं आणि माझं डोकंच फिरलं.

वर बुद्ध बरोबर मधोमध बसला होता. 'वैवाहिक स्थिती : विधुर' हेही बरोबर होतं. आणि कोपऱ्यात आम्ही दोघं. ती माझी बाही धरून हसत होती.

संयोजकांना गाठलं तर ते माझ्यावरच उखडले. सगळ्यांचे फोटो वेगवेगळ्या मापाचे आलेले, त्यामुळे छापखान्यात एकेक फोटो रीसेट करून मग सारखे केले म्हणाले. रीसेट केलं की कापलेला भाग परत येतो. बाकीच्यांनी मोबाईलमध्ये कापून पाठवलेले, त्यांचं काही झालं नाही. तुम्हीच तेवढे शहाणे, वर्डमध्ये कापणारे, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं मी त्या वर्डमध्ये लोकांच्या फोटोंची कापाकापी केली, आणि कापलेलं कुठे जात नाही, नुसतं झाकलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं. कपाळ माझं, दुसरं काय. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला की हे तर बायकोला घेऊनच आलेत. हशा पिकला. माझा चेहरा गोरामोरा झाला. जेवणाला न थांबता मी बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली शोधत उभा राहिलो.

तिथे त्या आल्या. हातात पुस्तिका, खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. नांदगावच्या एका शाळेतून त्या वर्षीच निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी पुढे त्यांना बाईच म्हणत आलो, इथेही तसंच म्हणतो. त्यांचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी अपघातात गेलेले, मूलबाळ नाही, थोरल्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी त्या 'जयभीम' म्हणाल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"अहो, या पुस्तिकेत बघा जरा. कुणाच्या खांद्यावर बोटं राहिलीत, कुणाच्या कडेला साडीचा काठ राहिलाय. सगळ्यांनी आपापलं माणूस कापून टाकलंय. तुम्ही तेवढे ठेवून आलात. म्हणून म्हटलं, या माणसाशी बोलावं."

मी काय म्हणायला हवं होतं ते उघड आहे. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन माझ्यापाशी येऊन उभं राहिलं होतं, आणि माझ्याकडे चांगल्या नजरेने बघत होतं. मी नुसतं 'हं' केलं. आम्ही परत आत जाऊन शेजारी शेजारी बसून जेवलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. कधी त्यांचा, कधी माझा. नांदगावला आज बाजार होता, शेंगा चांगल्या मिळाल्या. नाशिकला थंडी काय म्हणते. दोन शिट्ट्यांत डाळ शिजते का तीन. असलंच सगळं. पण फोन यायचा म्हणून मी दुपारपासून दिवसाकडे नीट बघायला लागलो, संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं म्हणून. भाजीवालीशी माझं भांडण संपलं. तिने एकदा विचारलंसुद्धा, बाबा बरे आहात ना?

आणि बाईंना सगळ्यात जास्त ऐकायचं असायचं ते माझ्या बायकोबद्दल. त्या तिला ताई म्हणायच्या. ताई रागावल्या की काय करायच्या, ताईंच्या हातची कोणती भाजी चांगली. मी सांगत सुटायचो. सुरगाण्याला असताना ती नागलीची भाकरी थापायला कशी शिकली, पहिल्या दहा भाकऱ्या कशा तव्यावरच मोडल्या आणि ती त्या मोडक्या भाकऱ्या मलाच कशा वाढायची. त्या पोट धरून हसायच्या. मग त्या त्यांच्या यजमानांचं सांगायच्या. एकदा म्हणाल्या की भावाच्या घरी यांचं नाव काढलं की सगळे गप्प होतात, बारा वर्षं मी हे नाव तोंडातल्या तोंडात ठेवलंय, तुमच्याशी बोलताना ते मोकळं होतं. मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या. या वयात असं म्हणायला जीभ अडखळते, पण आवडायला लागल्या होत्या, आणि बायकोशी काही दगाफटका केला असं मला एकदाही वाटलं नाही.

फोटोचं मात्र मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहिलं.

मग ठरलं की त्या आणि त्यांचे भाऊ नाशिकला येऊन रीतसर घर बघून जातील. मुलीला सांगितलं, तिने तिकडून पडदे धुवायला लावले. मी पंखे पुसले, गॅसची शेगडी घासली, चहाचे नवे कप आणले. आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी वाटीभर चिवडा घेऊन आल्या. चांगल्या स्वभावाच्या बाई, माझं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि समोरच्या भिंतीकडे बघून थांबल्या. तिथे बायकोचा फोटो होता, मोठा, लाकडी चौकटीतला. बघायला पाहुणे येतात तेव्हा पहिलीचा फोटो समोर नसतो ठेवायचा भाऊजी, असं त्या म्हणाल्या. येणारीला कसंतरी होतं. कार्य झाल्यावर लावा परत.

मी म्हणालो, त्या बाई तशा नाहीत. वहिनी म्हणाल्या, त्या नसतील, भाऊ आहे ना बरोबर.

वहिनी गेल्यावर मी बराच वेळ फोटोसमोर उभा होतो. बाई फोनवर ताई ताई करतात ते ठीक, पण फोन वेगळा आणि घर वेगळं. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या भिंतीवरून कुणी बघत असलं तर? भावाने नाक मुरडलं तर? हे सगळं माझ्या हातातून जाईल, परत त्या मुक्या संध्याकाळी येतील, या विचाराने मी घाबरलो. दुसरं कारण नव्हतं. स्टूल घेतलं, फोटो उतरवला, ओल्या फडक्याने पुसला आणि कपाटात तिच्या साड्यांवर पालथा ठेवला. खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.

ते दोघं सकाळच्या गाडीने आले. मी सीबीएस स्टँडवर घ्यायला गेलो होतो. भाऊ शेतकरी माणूस, पांढरी टोपी, बोलायला मोकळा. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी नळ सोडून बघितला, गॅलरीत जाऊन आले, पाणी दोन्ही वेळ येतं का विचारलं. "जागा चांगली हे," ते बहिणीला म्हणाले. "हवाबी लय छान हे." मला हायसं वाटलं. मी चहा टाकायला आत गेलो. सगळं जमून येत होतं.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो तर बाई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून पानात बांधलेली शेवंतीची फुलं काढली होती आणि दोन मेणबत्त्या. त्या भिंतींवर शोधत होत्या. बुद्धाचा फोटो झाला, बाबासाहेबांचा झाला, नातवाचा झाला. मग कॅलेंडरपाशी त्यांची नजर थांबली. कॅलेंडर लहान होतं आणि चौकट मोठी. भिंतीचा रंग इतक्या दिवसांत उतरलेला, तेवढा चौकोन मात्र कॅलेंडरच्या चारी बाजूंनी नवा दिसत होता.

"ताईंचा फोटो कुठाय?" त्यांनी विचारलं.

चौकट सैल झाली होती, दुरुस्तीला दिलाय, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या हातात ती फुलं होती. माझ्याच्याने खोटं बोलवेना. कपाटात ठेवलाय म्हणालो. तुम्हाला अवघड वाटेल म्हणून काढला.

भाऊ बहिणीला म्हणाले, जाऊ दे ना गं, त्यात काय एवढं, लोक काढतातच. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मनात काय जुळत गेलं ते मला चेहऱ्यावर दिसलं.

"मग पुस्तिकेतला?"

मी ट्रे खाली ठेवला. सांगितलं सगळं. की तो मी ठेवला नव्हता. की मीही बाकीच्यांसारखाच कापला होता, बोटं जाईनात म्हणून स्वतःचा दंडसुद्धा कापला होता. छापखान्यातल्या चुकीने ती परत आली. पार्किंगमध्येच सांगायला हवं होतं, पण तुम्ही उठून जाल अशी भीती वाटली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला कळतं. त्या सोफ्याच्या कडेला बसल्या, मांडीवरच्या फुलांकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे उद्या मी गेले, तर मलाही असंच कपाटात ठेवाल."

त्यांनी ते विचारलं नव्हतं. तरी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण त्या क्षणी मला स्वतःचीच खात्री देता येत नव्हती. एकटं राहायची भीती बसली की मी काय काय कापू शकतो, ते मी दोनदा बघितलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी फोटो मागितला. मी कपाटातून आणून दिला. त्यांनी तो पदराने पुसला, टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला, पुढे फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या. हात जोडून डोळे मिटले. भावानेही टोपी काढून हात जोडले. मग बाईंनी गार झालेला चहा पूर्ण प्यायला, चिवड्याचे दोन घास खाल्ले, कप स्वतः आत नेऊन विसळला. काही न खाता उठल्या असत्या तर मला लागलं असतं, ते त्यांना कळत होतं. इतक्या त्या चांगल्या होत्या.

मी स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या, रिक्षा मिळेल. भाऊ आधीच जिना उतरले होते. बाई दारात चपला घालायला वाकल्या, सरळ झाल्या, माझ्याकडे नीट बघून हसल्या. पहिल्या दिवसापासून त्या मला 'अहो' म्हणत आल्या होत्या, दुसरी कुठली हाक त्यांनी कधी मारलीच नव्हती.

"येते दादा," त्या म्हणाल्या. "तब्येतीला जपा."

दादा. आपल्याकडे बाईने एकदा दादा म्हटलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. बोलणी कुणी मोडली नाहीत, कुणाचा अपमान झाला नाही, आणि सगळं संपलं. मी 'या' म्हणालो. त्या जिन्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

आत आलो. मेणबत्त्या अजून जळत होत्या. मी टेबलाशी खुर्ची ओढली आणि बायकोच्या फोटोसमोर बसून ढसाढसा रडलो, काही तिच्यासाठी, बरंचसं बाईंसाठी. ती गेली तेव्हा रडायला घरभर माणसं होती, मला धरायला मुलगी होती, पाणी द्यायला वहिनी होत्या. या वेळी कुणी गेलंय हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.